मावशींचं ‘तुम्ही’

माणसाचे सगळे दात पडले की त्याचं पुढचं हसू कुठे बनतं, हे विचारायला कोणी जात नाही. ते बनायचं एका चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत, दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत प्लास्टरवाले काका दवाखान्यांतून आलेल्या मापांत प्लास्टर ओतून जबडे काढायचे. आतल्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलाशी, मावशी आणि चिमटा शेजारी शेजारी बसून त्या जबड्यांवर मेण चढवायचे आणि त्यात एकेक दात रोवून कवळी उभी करायचे. ही मेणातली कवळी आधी दवाखान्यात जाई, तिथे गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवून बघितली जाई, आणि सगळं जमलं तरच पक्की करायला परत येई.

मावशी कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. तीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसून होत्या आणि त्यांच्या हातून गेलेला दात वाकडा निघाल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. चिमट्याचं बारसंही त्यांनीच केलं होतं. कामाच्या पहिल्या दिवशी त्यानं दात बोटांनी उचलायचे सोडून घरून आणलेल्या भुवया कोरायच्या चिमट्यानं उचलले, तेव्हा मावशी इतक्या हसल्या की समोरचा स्पिरिटचा दिवा विझला. तेव्हापासून तो चिमटा.

हा चिमटा नऊ वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा सगळे त्याला मुलगी समजत होते. तो स्वतःही तसं समजायचा प्रयत्न करत होता, पण ते त्याला कधी धड जमलं नाही. पाच महिन्यांपूर्वी त्यानं तो नाद सोडला. नवं नाव घेतलं, केस कापले, औषधं सुरू केली, आणि एका सकाळी मालकांसकट सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की यापुढे मी ‘आले’ नाही, ‘आलो’. नवं नाव तोंडात बसायला लोकांना थोडे दिवस लागले. टोपणनाव मात्र बदलावं लागलं नाही. चिमटा हा तो चिमटाच. तेवढी एक सोय व्याकरणानं आधीच करून ठेवली होती.

मालक जपून बोलायचे, पण बरोबर बोलायचे. प्लास्टरवाले काका दिवसाला सहा वाक्यं बोलत, त्यातली चार प्लास्टरशी, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता मावशींचा. त्यांची बडबड सकाळी कुलूप निघाल्यापासून सुरू व्हायची आणि ती सगळी चिमट्याशी. “अगं, दिवा बारीक कर. जेवलीस का? काल लवकर पळालीस ते?” नऊ वर्षं हेच. आता त्याला प्रत्येक वाक्यामागे हळूच “जेवलो” म्हणावं लागे. मावशी जीभ चावत, “जेवलास, जेवलास” म्हणत, आणि तिसऱ्या वाक्याला पुन्हा “गेलीस” येई. दिवसातून वीस वेळा. तो सोसत होता, कारण मावशी चुकल्या तरी मनापासून चुकतात हे त्याला कळत होतं. पण कळलं म्हणून बोचायचं काही थांबत नाही.

मग एक दिवस एक डॉक्टर आपल्या पाच-सहा विद्यार्थ्यांना कवळीचं काम दाखवायला घेऊन आले. मावशींच्या अंगात आलं. त्यांनी चिमट्यानं लावलेला जबडा उचलून सगळ्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, “ही माझ्या हाताखाली तयार झाली. हिच्यासारखा सुळा लावणारी मला तीस वर्षांत दुसरी भेटली नाही!”

नऊ वर्षांत मावशींनी त्याचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. आणि केलं ते असं. विद्यार्थ्यांनी चिमट्याच्या हनुवटीवरच्या नव्या केसांकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं, आणि मागे कोणीतरी फिसकन हसलं. चिमट्याच्या कानशिलांना आग लागली.

“ही नाही, हा!” तो ओरडला. “किती वेळा सांगायचं, मावशी? मुद्दाम करता का?”

मावशींनी तो जबडा अलगद टेबलावर ठेवला. त्या दिवशी त्या पुढे काही बोलल्याच नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटा दारातून आत येताच त्या मान न उचलता म्हणाल्या, “आलात?”

आपल्यामागून मालक येताहेत असं वाटून चिमट्यानं वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

आपल्या भाषेत ‘तू’ म्हटलं की क्रियापद लगेच चुगली करतं. आलास की आलीस, ते सांगितल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. ‘तुम्ही’ म्हटलं की सुटका. बाई असो, बुवा असो, ‘आलात’ ते ‘आलात’. मावशींनी ही पळवाट एका रात्रीत शोधली होती, आणि त्या आता तिच्यात अशा तरबेज झाल्या की मोठमोठ्या पंडितांनी पाय धरावेत. जेवलास की जेवलीस हा घोळच नको म्हणून “जेवण झालं का?” दिवा बारीक करायचा असला तर “दिवा जरा मोठा वाटतोय.” मालकांनी विचारलं, हा जबडा कुणी लावला, तर “चिमट्याकडचा आहे.” पाच आठवडे त्यांच्या तोंडून एक चूक झाली नाही.

तक्रार करायला जागाच नव्हती. म्हणून तर चिमट्याला काही सुचेना. शेजारच्या खुर्चीवर बसून मावशी त्याच्याशी दवाखान्यातल्या बाईंशी बोलावं तसं बोलत होत्या. त्याच्या डब्यात डोकावत नव्हत्या. तो उशिरा आला तर घड्याळाकडे बघत नव्हत्या. घरी त्यानं बहिणीला सांगितलं. ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, दोघं एकत्र राहायची, आणि तिनं पहिल्या दिवसापासून “अरे” म्हणायला सुरुवात केली होती ती जणू इतकी वर्षं तोंड दाबूनच बसली होती.

“मग चांगलंच आहे की,” ताई म्हणाली. “मान देतायत तुला.”

“मला मान नकोय.”

“मग काय, शिव्या हव्यात?”

चिमटा विचारात पडला. त्याला खरोखरच शिव्या हव्या होत्या.

त्यातच शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या लॅबमधून बोलावणं आलं. तिथे त्याला आधीचं ओळखणारं कोणी नव्हतं. तिथे तो पहिल्या दिवसापासून नुसता ‘तो’ असणार होता. कुणाला जीभ चावावी लागणार नव्हती, कुणाला पळवाटा शोधाव्या लागणार नव्हत्या. शनिवारपर्यंत कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं. पाच महिन्यांपूर्वी असं बोलावणं आलं असतं तर मावशींच्या जवळून उठायचा विचारही त्याच्या मनाला शिवला नसता. आता तो रोज त्या खुर्चीकडे बघून म्हणायचा, जाऊ की राहू?

जायच्या आधी एकदा मावशींना बोलतं करायचं असं त्यानं ठरवलं. आणि मावशींना बोलतं करायचा एकच उपाय त्याला नऊ वर्षांत ठाऊक झाला होता: काम बिघडवायचं.

सोमवारी त्यानं एक सुळा जरासा बाहेर झुकवला. पूर्वी एवढ्यावर मावशींनी कान उपटला असता. आता त्यांनी सुरी तापवली, मेण मऊ केलं, सुळा जागेवर आणला आणि जबडा परत सरकवला. मंगळवारी त्यानं डावीकडचे दात उजवीकडे लावले. मावशींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “जरा वेगळं दिसतंय. बघून घेतलं तर बरं होईल.” चिमट्याला रडावं की हसावं कळेना.

बुधवारी त्यानं कमालच केली. त्या दिवशी एका आजोबांची कवळी जायची होती. ती त्यानं नीट लावली, अगदी देखणी, आणि फडक्याखाली झाकून ठेवली. मग एका जुन्या टाकाऊ जबड्यावर त्यानं दुसरी कवळी लावायला घेतली. पुढचे दोन दात एकमेकांच्या खांद्यावर चढवले. एक सुळा उलटा रोवला. आणि मधोमध, अगदी नाकाच्या रेषेत, एक जाडजूड दाढ बसवली. ती कवळी त्यानं आजोबांच्या डब्यात घातली, वर आजोबांची चिठ्ठी लावली, आणि मावशींनी तपासायला म्हणून त्यांच्यापुढे ठेवून दिली. मावशी तेव्हा मोरीत हात धूत होत्या. तेवढ्यात प्लास्टरवाल्या काकांनी बाहेरच्या खोलीत जबड्याचा साचा उघडायला हाक मारली, म्हणून चिमटा तिकडे जाऊन दाराकडे पाठ करून साच्याशी झटत बसला. पाच मिनिटांत परत आला तर मावशी शांतपणे दुसऱ्या जबड्यावर मेण चढवत होत्या.

“डबा बघितलात?” त्यानं विचारलं.

“कुठला डबा? मी आले तेव्हा स्कूटरवाला जिना उतरत होता. टेबलावरचं सगळं घेऊन गेलाय.”

चिमट्यानं खिडकीतून खाली बघितलं. स्कूटर गेली होती. मावशींच्या टेबलावरचा डबा म्हणजे तपासलेला डबा, हे दवाखान्यांत डबे पोचवणाऱ्या स्कूटरवाल्याला पक्कं ठाऊक होतं; तो बिचारा उघडून कशाला बघेल!

“मावशी, त्यात ना, मी...” चिमट्यानं फडकं उचलून चांगली कवळी दाखवली. “ही जायला हवी होती. गेली ती वेगळीच. तिच्यात मधोमध दाढ आहे.”

“मधोमध म्हणजे?”

चिमट्यानं आपल्या ओठांच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं.

मावशींच्या हातातली सुरी मेणात पडली. “अगं, डोकं फिरलंय का तुझं!”

सबंध माडी हादरली. प्लास्टरवाले काका दारात येऊन उभे राहिले. मावशींनी चटकन तोंडावर हात ठेवला, पण शब्द बाहेर पडायचे ते पडलेच होते. चिमट्यानं या खेपेला “गं नाही” असं म्हटलं नाही. पाच आठवड्यांनी कोणीतरी त्याचं डोकं फिरल्याचं त्याला सांगत होतं.

दवाखान्याचा फोन लागेना. शेवटी मावशींनी पायांत चपला सरकवल्या, चिमट्यानं चांगली कवळी रुमालात बांधली, आणि दोघं जिना उतरली. दवाखाना तीन चौक पलीकडे होता. मावशींच्या गुडघ्यांना घाई मानवत नसे, पण आज त्या शिंप्याच्या दुकानासमोरून, शाळेच्या फाटकासमोरून, उभ्या केलेल्या सायकली ओलांडत अशा सुटल्या होत्या की चिमट्याला गाठताना धाप लागत होती. मोठ्या चौकात दिवा लाल झाला, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

“हे मुद्दाम केलं?” समोरच्या गाड्यांकडे बघतच त्यांनी विचारलं.

“हो.”

“कशासाठी?”

“तुम्ही ओरडावं म्हणून.”

मावशींनी मान वळवली. “मी ओरडावं म्हणून एका म्हाताऱ्याच्या नाकाखाली दाढ?”

“ती तुमच्यासाठी होती, आजोबांसाठी नव्हती. पाच आठवडे झाले, मावशी. तुम्ही मला ‘तुम्ही’ म्हणता.”

“मान देते.”

“मान मला भाजीवालासुद्धा देतो.”

एकदम मावशींचा बांध फुटला. “मग काय करू मी? ‘तू’ म्हटलं की मागून ‘लीस’ येतं. आलीस, गेलीस, जेवलीस. नऊ वर्षांत जिभेला तेच वळण पडलंय. आणि ते आलं की तुझं तोंड असं होतं, जणू मी तापलेली सुरी टेकवली. दिवसातून वीसदा! माझ्यानं नाही बघवत ते. घरी सराव केला. ह्यांच्यावर करावा म्हटलं, तर ह्यांना लग्नापासून ‘अहो’. शेवटी मांजरीवर केला. ‘अरे आलास का, अरे दूध प्यायलास का.’ आठ दिवस. आता ती माझ्याजवळ फिरकत नाही.”

“तिला राग आला असेल.”

“येणारच की! तीसुद्धा तुझ्यासारखीच, तोंड फुगवून बसलीये.”

चिमटा हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की मावशी कधीपासून ‘तुझं’ म्हणताहेत. ‘तुझं’ म्हणायला धोका नव्हता म्हणा. क्रियापदं त्या अजून जपूनच टाकत होत्या.

“त्या दिवशी मी सगळ्यांसमोर ओरडलो, ते चुकलं माझं,” तो म्हणाला.

“ओरडल्याचं काही नाही. मी काय कमी ओरडले? पण ‘मुद्दाम करता का’ म्हणालास ना, ते लागलं मला. मी मुद्दाम करीन?”

‘म्हणालास’ बरोबर आल्याचं त्यांना कळलंही नाही. चिमट्याला कळलं, पण त्यानं ते बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्या पुन्हा बिचकल्या असत्या.

“मला दुसरीकडून बोलावणं आलंय,” तो म्हणाला. “शनिवारपर्यंत सांगायचंय.”

दिवा हिरवा झाला. माणसं दोघांच्या बाजूनं रस्ता ओलांडू लागली. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

“जायचं ठरलंय?”

“तिथे कोणी चुकणार नाही, मावशी. पण तिथे माझा सुळा वाकडा गेला तर कुणाच्या जिवाला लागणारही नाही.” त्यानं रुमालाची गाठ उगाचच घट्ट केली. “तुम्ही चुका. पन्नासदा चुका. मला बोचेल, नाही असं नाही. मी ‘जेवलो’ म्हणेन, तुम्ही ‘जेवलास’ म्हणा, आणि पुढचं बोला. पण मला ‘तू’ म्हणा. ‘तुम्ही’च म्हणणार असाल तर मी जातो.”

“आधी ती दाढ गाठू,” मावशी म्हणाल्या आणि रस्त्यात उतरल्या.

दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा उशीर झाला होता. आजोबा खुर्चीत आडवे, गळ्यात रुमाल, तोंड उघडं. डॉक्टरांच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात ती कवळी. असल्या वस्तूला काय म्हणावं, हे पंधरा वर्षांच्या धंद्यात ठाऊक झालेलं नसल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

“हे कुणी लावलंय?” त्यांनी विचारलं.

चिमट्यानं तोंड उघडलं. मावशींनी त्याच्या पायावर पाय दिला, पूर्ण भार टाकून.

“मी,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही?”

“चष्मा घरी राहिला होता.”

डॉक्टरांनी मावशींच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं. मावशींनी तो शांतपणे काढून पदराला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. आजोबांना हसू आवरेना. दात नसलेल्या तोंडानं हसताना ते फसफसत होते. चिमट्यानं रुमाल सोडून खरी कवळी पुढे केली. डॉक्टरांनी ती आजोबांच्या तोंडात बसवली, मिटायला सांगितलं, उघडायला सांगितलं, बाजूनं वाकून बघितलं. एकाही दाताला हात लावावा लागला नाही.

“ही झकास आहे,” डॉक्टर म्हणाले. “ही कुणाची?”

“ही ह्याची,” मावशी म्हणाल्या, आणि पदर खोचून बाहेर पडल्या.

चिमटा मागोमाग धावला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यानं त्यांना गाठलं. “मावशी, तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत? मी सांगणार होतो...”

“गप! एक अक्षर बोलू नकोस!” मावशी गर्रकन वळल्या. रस्त्यावरची दोन माणसं दचकून बाजूला झाली. “तीस वर्षांत माझ्या नावावर एक दात वाकडा गेला नाही. आज गेला, तोही दाढ, तीही मधोमध! शोभा केलीस माझी! डॉक्टर आता ऊठसूट मला चष्म्याचं विचारतील. आणि वर म्हणे दुसरीकडे जातो! कोण घेतंय तुला? सुळा उलटा रोवतोस, मेल्या!”

आणि त्या तरातरा चालू लागल्या. सहा-सात पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मागे पावलं वाजत नाहीत. त्या थांबल्या आणि वळल्या. चिमटा पायरीवर तसाच उभा होता, हातात रिकामा रुमाल घेऊन.

“काय म्हटलं मी आत्ता?” मावशींनी जरा घाबरून विचारलं.

“मेल्या म्हणालात.”

“बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

“मग रडतोस कशाला, मेल्या?”